वांगेसटीची पात

सक्करदरा, नागपूर
९ ऑगस्ट २०२४

काकाजी,

पाया पडतो. यावेळी खरोखर वाकून पडतो, कारण आता वाकता येते.

तुम्हाले फोन करून काही फायदा नाही. खाणीतल्या सुरुंगांनी तुमचे कान नेले. अन् सुशीलच्या हाती निरोप दिला तर तुमचा लेक अर्धा विसरते अन् उरलेला अर्धा आधी काकूले सांगते. म्हणून ही चिठ्ठी. उमरेडच्या बसमध्ये पिशवी ठेवून देतो. कंडक्टर ओळखीचा आहे, त्याच्या बायकोचे ब्लाऊज माह्याच दुकानात शिवून जातात. पिशवीत तुमच्यासाठी नवा सदरा आहे, घालून पाहा.

आता मुद्द्याचं बोलतो. काल सुशीलचा फोन आला. म्हणे, आई म्हणते यंदा वांगेसटीले पहिला घास काजल घेईन, शामलाचं पोट कापलं आहे, तिले झेपणार नाही. काहून जी? मी मेली का? काजल सुशीलची गुणाची पोट्टी आहे, माही भाची आहे, पण मी बसली असताना तिचा नंबर कसा लागला?

रिवाज मी तुम्हाले काय सांगू, तुम्हीच मले सांगतला. आषाढी एकादशीले आपल्या घरात कांदा अन् वांगं बंद होते, ते चंपाषष्ठीले, म्हणजे आपल्या वांगेसटीले सुरू होते. अन् ते सुरू करते घरची लेक. वावरात भरीत झालं की लेकीनं पातीचा हिरवा कांदा हातात धराचा, पात दातानं तोडाची, भरताच्या घासासंग खाची, मंग बाकीच्याईनं हात लावाचा. पातीले विळा लावाचा नाही, शिजवाची तर नाहीच. बाबा गेले, आई गेली, माहं लग्न मोडलं, तरी एकही साल मी तो घास सोडला नाही. नाहीतर माहेर म्हणून मले काय राह्यलं, काकाजी? माहं माहेर त्या एका घासात आहे. ते मी कोणाले देणार नाही.

अन् पोट कापलं म्हणजे फेकून दिलं नाही. पोटातली पिशवी लहान केली, एवढंच. वजनापायी शुगर हातातून चालली होती, गुडघे वाकत नव्हते, मशीनवर बसलं की उठाले दोन जणी लागत. ऑपरेशन आषाढीच्याच हप्त्यात झालं, म्हणजे तुमचा कांदा अन् माहं जेवण एकाच टायमाले बंद झालं. आधी नुसतं पातळ, मंग वरणाचं पाणी, आता घोटलेलं वरण, दही अन् मऊ अंडं खाऊन राहिली. आहाराच्या मिनल मॅडम आहेत, त्या म्हणतात एका वेळी एकच नवी वस्तू, ती पचली की दुसरी. आधी शिजलेली भाजी, मंग सोललेली काकडी, कच्चा पालापाचोळा सगळ्यात शेवटी. मी विचारलं, वांगेसटीले पात खाता येईन का? म्हणाल्या, घाई केली नाही तर येईल.

तर काकूले सांगजा. घास माहाच.

तुमची
शामला

*

उमरेड
१६ ऑगस्ट

शामले,

चिठ्ठी भेटली, सदरा बी भेटला. बाह्या बरोबर आहेत. गळा ढिला आहे, पण त्यात तुही चूक नाही, मानच तेवढी राह्यली नाही.

घासाचं म्हणशील तर या घरात अजून मीच मोठा आहे. बायजाले मी सांगतलं, लेक जित्ती आहे तवर नातीचा नंबर लागत नाही. तुही काकू तोंड फिरवून बसली. तिच्यावर रागावू नोको वं पोरी. तिच्या डोक्यात एकच बसलं आहे, तू पंगतीत बसशील, घास अडकन अन् सगळ्याईसमोर तुले तरास होईन. ती भित्री आहे. मी भेत नाही.

पण एक ऐकून ठेव. रिवाज म्हणजे रिवाज. पात कच्ची, अन् त्याच्या आधी तोंडाले कांदा लागला नाही पाह्यजे. नागपुरात बी नाही, दवाखान्यात बी नाही. घरी चोरून सराव केला तर मंग तो पह्यला घास कसा? तुही मॅडम काहीबी म्हणो. काकडी खा, मुळा खा, झाडपाला खा, कांद्याले हात लावू नोको.

धोंडब्या आला होता. खाणीत माह्यासंग होता, तू ओळखतेच त्याले. म्हणते, शामली आता पाखरावानी खाईन. मी म्हणलं, पाखरू बी कच्चंच खाते गा! लेकाचा हासून हासून खोकलला.

लिहीत राह्यजो. काय खाल्लं, कसं खाल्लं, पोट काय म्हणलं, सगळं लिहिजो. मले इथी दुसरं काम काय आहे.

तुहा काका
रुपराव

*

सक्करदरा
२५ सप्टेंबर

काकाजी,

पोळा झाला, मारबतीची मिरवणूक निघाली, अन् आपली काकडी बी झाली!

खरं सांगतो, दोडका अन् लौकी खाऊन खाऊन जीव विटला होता. सगळं मऊ, सगळं गुळगुळीत. दातांना वाटलं असन आपली नोकरी गेली. परवा मॅडम म्हणाल्या, साल काढा, बिया काढा, पातळ चकती करा, एक चकती खा अन् थांबा. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं अन् बसली. जिजाबाई गिऱ्हाईक बाहेर उभी, ब्लाऊज न्याची घाई. म्हटलं बाई, जरा थांब, मी काकडी खाऊन राहिली. ती म्हणते, काकडीले शटर काहून लागते वं?

तिले काय सांगू! काकडी दातात कुर्रम झाली अन् मले रडू आलं. आवाज करणारी वस्तू इतक्या दिवसांत पहिल्यांदा तोंडात गेली. इतकी चावली, इतकी चावली की तिचं पाणी झालं, मंग गिळली. अन् बसली वाट पाहत. काहीच नाही झालं. शटर वर केलं अन् जिजाबाईच्या ब्लाऊजचे हुक फुकटात लावून दिले.

सगळ्यात कठीण काय आहे सांगू? चावणं नाही, लोटा. आपल्या घरात पाटावर बसलं की डाव्या हाताले लोटा असते, घास घेतला की घोट. मले जेवताना पाणी मना आहे, जेवणानंतर बी बराच वेळ नाही. हात आपोआप डाव्या बाजूले जाते अन् रिकामा वापस येते. आता मी त्या जागी पिनांचा डबा ठेवतो, म्हणजे हात गेला की टोचते.

टमाटर बी झालं, साल काढून. आता किसलेलं गाजर, मंग कोवळा पाला. तुम्ही म्हटलं तसं कांद्याले बोट लावलं नाही. मॅडम म्हणतात, घरी एकदा करून पाहा. मी म्हटलं, मॅडम, पात सोडून तुम्ही म्हणान ते खातो.

स्वतःचे ब्लाऊज आता दोन्ही बाजूनं आत घेऊन राहिली. लोकाईचे उसवता उसवता जन्म गेला, स्वतःचे पहिल्यांदा आवळले.

तुमची
शामला

*

उमरेड
३ ऑक्टोबर

शामले,

आज घट बसले. तुही चिठ्ठी दोनदा वाचली.

काही गोष्टी खुलाश्यानं सांगजो. काकडीची चकती किती पातळ? ती पुढच्या दाताखाली धराची का मागच्या? किसलेलं गाजर चावाचं का नुसतं जिभेनं टाळूले दाबाचं? टमाटराची साल गरम पाण्यात टाकून निघते का चाकूनं? अन् एखादी वस्तू बारीक होतच नसन तं तिचं काय कराचं?

मले नाही पाह्यजे. धोंडब्यासाठी इचारून राह्यलो. त्याचे सगळे दात काढले बिचाऱ्याचे. नवे बसवले आहेत पण ते त्याचं ऐकत नाहीत. लाजते कोणाले इचाराले. माह्यापाशी रडते.

दुसरी गोष्ट. मी इचार केला, यंदा पात बारीक कापून घेतली तं काय बिघडते? ठेचली तरी चालन. देवाले भाव पाह्यजे, विळ्याचं त्याले काय घेणं आहे? रिवाज माणसानंच केले, माणसानं बदलले. तू बी काही वाटून घेऊ नोको.

काजल मोबाईल घेऊन आली होती, आजोबा हासा, आत्याले फोटो पाठवतो म्हणे. मी तिले पिटाळलं. थोबाडाचा फोटो काय काढाचा या वयात.

तुहा काका

*

सक्करदरा
९ ऑक्टोबर

काकाजी,

तुम्ही? तुम्ही म्हणून राहिले, पात कापून घे?

बाबाच्या तेरवीले भटजी उशिरा आला तर त्याले दारातून वापस पाठवणारे तुम्ही. माह्या लग्नात वरातीचं तोंड चुकीच्या दिशेले होतं म्हणून घोडं फिरवाले लावणारे तुम्ही. अन् आता माह्या घासाच्या टायमाले तुम्हाले भाव आठवला? सरळ म्हणा नं, शामले, तुह्याच्यानं होत नाही. मले राग आला, काकाजी. काकूनं म्हटलं तर मी समजू शकतो. तुमच्याकडून नाही.

पात मी दातानंच तोडन. कोणी विळा आणला तर विळा विहिरीत जाईन.

धोंडबाकाकाले सांगजा. चकती नखाएवढी पातळ. मागच्या दाताखाली धराची, एकदा डाव्या बाजूनं, एकदा उजव्या. हात मांडीवर ठेवाचा, म्हणजे दुसऱ्या घासाले घाई करत नाही. गाजर चावाचंच, दाबून होत नाही. टमाटर गरम पाण्यात टाकून काढलं की साल आपोआप सुटते. अन् जे बारीक होत नाही ते थुंकून द्याचं, लाजाचं नाही. त्याईले म्हणा, नवे दात आहेत, सुनेवानी आहेत, जरा दिवस द्या.

बाकी काम भल्लं आहे. दिवाळीचे ब्लाऊज छतापर्यंत गेले.

शामला

*

उमरेड
५ नोव्हेंबर

शामले,

भाऊबीजेले आली नाही. सुशील ओवाळून घ्याले पाट मांडून बसला होता. त्यानं फोन केला तं म्हणे तू दोन शब्द बोलली अन् ठेवला. चिठ्ठी बी नाही. माह्यावर राग आहे का? बरं बाई, विळा नाही लावत. विहिरीतून काढाची मेहनत कोण करन.

धोंडब्या गाजराची वाट पाहून राह्यला. गाजर खाल्लं का तू?

काका

*

सक्करदरा
११ नोव्हेंबर

काकाजी,

राग नाही. काम आहे. वांगेसटीले येणं जमते का नाही सांगता येत नाही, लग्नसराईचे कपडे आहेत. घास काजलले द्या. पोट्टी मोठी झाली, तिले बी मान भेटला पाहिजे.

तब्येत बरी आहे.

शामला

*

उमरेड
१५ नोव्हेंबर

शामले,

तुही तीन ओळीची चिठ्ठी वाचली. लग्नसराई दरसालीच असते. तू मले येडा समजते का?

मले समजलं काय झालं ते. बायजानं तुले फोन केला असन, काजलचं पुन्हा काढलं असन, अन् तुह्या मनाले लागलं असन. मी तिले इचारलं, ती म्हणते मी फोनच केला नाही. मी काही इश्वास ठेवला नाही. काल सकाळपासून मी तिच्यासंग बोलणं बंद केलं आहे.

अन् कान उघडे ठेवून ऐक, माहे बंद आहेत म्हणून तुलेच ऐका लागन. घास काजलले देणार नाही. तू नाही तं घास नाही. अन् घास नाही तं या घरात कांदा नाही. बायजा खाणार नाही, सुशील खाणार नाही. मी पुढच्या वांगेसटीपर्यंत तोंडाले लावणार नाही. भाकरीसंग नुसती चटणी खाईन. या वयात मले कांद्याशिवाय साल काढाले लावाचं असन तं बस तिकडे ब्लाऊज शिवत.

लेक आहेस तू या घराची. पोट लहान झालं म्हणून लेक लहान होत नाही.

रुपराव

*

सक्करदरा
२३ नोव्हेंबर

काकाजी,

आधी काकूसंग बोला. आत्ता, ही चिठ्ठी खाली ठेवून बोला. बिचारीनं मले फोन केला नाही. तिचा यात काहीच दोष नाही.

गाजरानं केलं सगळं. गाजरानं म्हणजे माह्या घाईनं. धनतेरसच्या दिवशी दुकानात उभी व्हाले जागा नव्हती. किसणी कोण काढन म्हणून मी गाजर तसंच उचललं, सालासकट, मोठा तुकडा दातानं तोडला, एका हातात टेप, खांद्याले फोन. चावलं का गिळलं मलेच माहीत नाही. छातीत येऊन बसलं. जसं कोणी आतून मूठ आवळली. अन् जुनी खोड पाहा, ते खाली लोटाले मी घटाघटा पाणी प्यायली. मंग तर विचारूच नका. गिऱ्हाईकांसमोर, दुकानाच्या पायरीवर, नालीत सगळं बाहेर. एक बाई म्हणाली, ऑपरेशन केलं म्हणे, आता असंच राहते यांचं. मले जमिनीनं गिळलं असतं तर बरं झालं असतं.

दवाखान्यात गेली. डॉक्टर म्हणाले काही फाटलं नाही, काही अडकलं नाही, घाबरू नका. पण मी घाबरली, काकाजी. तुम्हाले खोटं नाही सांगत. पंधरवडाभर वरणाच्या पाण्यापलीकडे गेली नाही. डोळे मिटले की पंगत दिसे, तुम्ही सगळे बसलेले, अन् मी पात तोंडात घेऊन उठून पळून राहिली. म्हणून लिहिलं काजलले द्या. काकू जे म्हणत होती तेच मले खरं वाटाले लागलं.

मंग तुमची चिठ्ठी आली. तुमच्या कांद्याचं वाचून आधी हासली, मंग शटर ओढून रडली. अन् मंग मॅडमकडे गेली. त्या म्हणाल्या, एक पायरी खाली उतरा, पुन्हा चढा. भाजीचा काही दोष नाही, उभं राहून खाण्याचा आहे. चढली. पुन्हा काकडी, पुन्हा टमाटर. किसलेलं गाजर खाली बसून, फोन बंद करून, अन् उतरलं! मंग मेथीचा कोवळा शेंडा. अन् परवा मुळ्याचा पाला, कच्चा, हातात धरून दातानं तोडला. त्याच्या दोऱ्या निघतात, त्या जिभेनं एका बाजूले लोटाच्या, चावाच्या, नाही झाल्या तर थुंकाच्या. पातीच्या दोऱ्या त्याच जातीच्या असतीन असं मी धरून चालली आहे. कांद्याले हात लावला नाही, तुमची आण.

मॅडमले पंगतीचं सगळं सांगतलं. म्हणाल्या, कोवळी पात, बोटभर, खूप चावा, छातीत दाब वाटला की थांबा, पाणी नाही.

विळा विहिरीतच राहू द्या. मी येतो.

तुमची
शामला

*

उमरेड
१ डिसेंबर

शामले,

बायजासंग बोललो. ती म्हणते, इतके दिवस घर कसं शांत होतं, कशाले बोलले!

जे झालं ते आधीच लिहाचं होतं वं पोरी. मी तिकडे येऊन त्या बाईले पायरीवरच दोन शब्द सुनावले असते. ऐकू आलं नसतं तिचं, पण माहं तिले आलं असतं.

वावरात विहिरीपाशी कांद्याचा एक वाफा मी मुद्दाम उशिरा लावला होता. बाकी पात दोऱ्यावानी झाली, ती अजून लोण्यावानी आहे. आपल्या दोघाईसाठीच ठेवली आहे, म्हणजे तुह्यासाठी. कोणाले उपटू देत नाही. बकरी बी हाकलली.

धोंडब्यानं तुही चिठ्ठी आल्या दिवशीच मुळ्याचा पाला मागतला. दोऱ्या एका बाजूले लोटाचं त्याले जमते आहे म्हणे.

पह्यल्या बसनं येजो. सुशील फाट्यावर गाडी घेऊन राहीन.

काका

*

सक्करदरा
९ डिसेंबर

काकाजी,

पाया पडतो.

परवा वावरात तुमच्यासंग बोलता आलं नाही. मी ओरडून बोलली असती तर सगळ्या उमरेडले ऐकू गेलं असतं अन् तुम्हाले तरी नाहीच. म्हणून घरी आल्याबरोबर लिहून राहिली. त्या पंगतीत जे जे झालं अन् तुम्हाले ऐकू आलं नाही ते सांगतो.

मी पाटावर बसली. भरताचा वास आला, गोवरीवर भाजलेल्या कणकेच्या रोडग्यांचा वास आला, अन् सगळे माह्याकडे पाहून राहिले. सुशीलनं हळूच म्हटलं, शामले, पात थोडी कमी घेतली तरी चालते. मी म्हटलं, गप बस. डाव्या हाताले काकूनं सवयीनं लोटा ठेवला होता. मी तो उचलून काजलच्या पुढ्यात ठेवला. तुम्ही दिलेली पात धरली, दातानं तोडली, भरताच्या घासासंग तोंडात घेतली.

दरसाली हा घास पाहाले कोणाले टाइम नसे, आठवते का? मी तोंडात टाकला नाही तर इकडे सुशीलचा रोडगा फुटे. यंदा सगळे थांबले. मी चावून राहिली अन् पंगत बसून राहिली. कांद्याचा तिखटपणा नाकात गेला, पाच महिन्यांनी! एक दोरी निघाली, ती बाजूले लोटली, चावली, ती बी गेली. काजल माह्या तोंडाकडे अशी पाहत होती जशी परीक्षा तिची आहे. मंग मी गिळलं. अन् थांबली. छातीत काही आलं नाही. काहीच नाही आलं, काकाजी! मी मान हलवली अन् सुशीलनं असा ओरडा केला की बैल उठून उभे राह्यले. ते तर तुम्ही पाह्यलंच.

मंग तुमची पाळी. लेकीच्या मागं घरचा मोठा. अन् तुम्ही सदऱ्याच्या खिशातून रुमाल काढला, तोंड तिकडे फिरवलं, अन् फिरून इकडे पाह्यलं तर तोंडात बत्तीशी! पात हातात धरली, दातानं तोडली, हात मांडीवर ठेवला. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. डोळे मिटून. लोट्याले हात लावला नाही. मी पाहतच राह्यली. म्हटलं, हे तर माह्यासारखं चावून राहिले!

मी बाजूले पाह्यलं तर धोंडबाकाका दातानं सुपारी फोडून राहिले, कडाकडा. मी त्याईले म्हटलं, काकाजी, नवे दात भल्ले मजबूत आहेत जी तुमचे. ते म्हणतात, नवे कुठले वं, हे माह्या मायनं दिलेले आहेत. अन् आ करून दाखवले.

अस्सं! धोंडब्याचे दात काढले, धोंडब्या लाजते, धोंडब्या गाजराची वाट पाहून राह्यला! बाप्पा, खोटं बोलावं तर तुम्ही.

मंग काकूनं सगळं सांगतलं. भाद्रपदात दात काढले. कोणाले सांगू नोको म्हणून तिले दम दिला. नवे दात बोचाले लागले तर दिवसभर खिशात. माही काकडीची चिठ्ठी आली त्या दिवशी तुम्ही काकडी सोलून मागतली. टमाटराची आली तर टमाटर. माही चिठ्ठी बंद झाली तर तुम्ही बी वरणात भात कालवून बसले, अन् ती तुम्हाले गाजर किसून देऊन राहिली तर म्हटलं, शामलीनं खाल्लं असं लिहू दे आधी. अन् मले वाटत होतं तुमचा माह्यावर भरोसा नाही. पात ठेचाची होती ती तुमच्यासाठी होती! मी तुम्हाले काय काय लिहिलं त्या चिठ्ठीत. बरं, ते मी वापस नाही घेत. खोटं बोलले त्याच्या बदल्यात राहू द्या.

आता शेवटची गोष्ट. हे तुम्हाले ऐकू आलंच नाही, अन् तुम्ही डोळे मिटून चावत होते म्हणून दिसलं बी नाही. मी घास चावून राहिली तेव्हा काकू माह्या समोर उभी होती, हातात वाढाचं भांडं तसंच. मले वाटलं ती भिऊन उभी आहे, आता म्हणन बस झालं. घास उतरल्यावर तिनं पदरानं डोळे पुसले अन् सुशीलच्या बायकोले, दिपालीवहिनीले म्हणाली, "या घरात सून होऊन आली तेव्हापासून लेकीचा घास होते. पण लेकीले जेवताना मी आज पह्यल्यांदा पाह्यलं." मंग माह्यापाशी आली अन् म्हणाली, शामले, पुढच्या साली बी तूच. काजल तुह्या बाजूले बसून शिकन.

तुम्ही काकूले सांगजा, शामला म्हणते, मी माहेराहून आली.

या पिशवीत नवा सदरा आहे. गळा यावेळी बरोबर आहे. खिशाले झाकण अन् बटण लावलं आहे, दात पडू नये म्हणून. पण ते तोंडातच ठेवजा.

तुमची लेक
शामला